तीन मोजेपर्यंत

मला बसवत नाही. डॉक्टर म्हणतात गुडघे झिजलेत, बसून राहा. बसलो की ते जास्त दुखतात असं माझं म्हणणं आहे आणि ते मी सोडणार नाही. लखनौच्या वृंदावन योजनेतल्या आमच्या घराची बाल्कनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अकरा पावलं आहे. त्या अकरा पावलांत माझी सकाळ जाते. फेऱ्या मारता मारताच मी नातीच्या कामात पडलो. कुणी बोलावलं नव्हतं.

नात चोवीस वर्षांची. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडते आणि तिथूनच नोकरी करते. जन्म लखनौचा, त्यामुळे मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीत. मी जळगावकडचा, चौथी शिकलेला. खलाशी, म्हणजे सामान उचलणारा मदतनीस, म्हणून रेल्वेत लागलो आणि इथल्या मानक नगरला, रेल्वेच्या संशोधन कचेरीत आलो, ते पुढे गावाकडे फक्त लग्नाकार्याला गेलो. पन्नास वर्षं झाली असतील, पण घरात मराठीच बोलतो. तिनं हिंदीत उत्तर दिलं तरी मी माझी भाषा बदलत नाही आणि तीही तिची बदलत नाही. आमचं असंच चालतं.

एक दिवस ती म्हणाली, "आबा, ज़रा अपना फोन देना."

माझा फोन जुना आहे. मागचं झाकण सैल झालंय म्हणून रबरबँड लावलाय. मुलगा नवा घेऊन देतो म्हणतो, पण मला हाच हवा. मी म्हटलं, "तुझ्याकडे दोन दोन आहेत, माझा कशाला?"

"मेरे वाले में सब फटाक से खुल जाता है. उन दीदी लोगों के पास आपके जैसा ही फोन है."

दीदी लोग म्हणजे बख्शी का तालाबकडच्या खेड्यांतल्या पशुसखी. त्या गावातल्याच बायका. शिकवून तयार केलेल्या. घरोघरी जाऊन शेळ्या-म्हशींना लस टोचतात, जंताचं औषध पाजतात, कानातल्या बिल्ल्याची नोंद ठेवतात. त्यांच्या संस्थेनं त्यांच्यासाठी फोनवर एक अ‍ॅप करून घेतलं होतं. ते इतकं जड झालं की उघडता उघडेना. बायकांनी महिनाभर वाट पाहिली आणि परत वह्या काढल्या. ते हलकं करायचं काम नातीकडे आलं होतं. डोक्यावर कुणी मोठा साहेब नाही, काम सगळं तिचं एकटीचं. असं पहिल्यांदाच मिळालेलं. एक दिवस ठरला होता, त्या दिवशी गावात जाऊन दाखवायचं. बायकांनी घेतलं तर राहील, नाहीतर संस्था अ‍ॅप बंद करून वह्याच चालू ठेवणार. नात तेव्हा धड जेवतही नव्हती, ताटात भात चिवडत बसायची.

तिनं माझ्या फोनवर ते जुनं अ‍ॅप लावलं. मी बटण दाबलं आणि सवयीनं मोजायला लागलो. नोकरीत घड्याळ साहेबांच्या हातात असायचं, माझ्या हातात नाही, म्हणून मी तोंडानं मोजायचो. एक सेकंद, एक आकडा. अजून चुकत नाही. एकतीसपर्यंत आलो तेव्हा पडदा उघडला.

"इकतीस?" ती म्हणाली. तिच्या लॅपटॉपवरही तेवढेच आले होते. तिनं माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. त्या दिवसापासून मोजणी माझ्याकडे आली.

दोन दिवसांनी तिनं समजावलं की ती काय करतेय. अ‍ॅपच्या आत खूप लिखाण असतं, त्याला कोड म्हणतात. पूर्वीच्यानं ते सगळं एका गाठोड्यात बांधलं होतं. उघडायचं म्हटलं की आधी अख्खं गाठोडं फोनमध्ये यायचं आणि मग दार उघडायचं. तिनं त्याचे तुकडे केले. एकेका तुकड्याला मॉड्यूल म्हणतात. पहिला तुकडा फक्त दाराचा. बाकीचं, बटण दाबाल तेव्हा नेटवरून येईल.

"इसको लेज़ी लोडिंग बोलते हैं."

"आळशी? कामाला नाव तरी चांगलं द्यायचं."

"नाम से क्या होता है, आबा."

मला पटलं नाही. माझं अख्खं आयुष्य सामान भरण्यात गेलेलं. नव्या इंजिनाची, नव्या डब्याची ट्रायल असली की एक मोजमापाचा डबा गाडीला जोडायचा. त्यात यंत्रं, तारा, बॅटऱ्या, कागदाचे रोल, चिमटे, पक्कड, सोल्डर. सगळं स्टोअरमधून उचलून भरायचं काम माझं. साहेबांकडे टाइप केलेली यादी असायची. मला वाचायला वेळ लागायचा, म्हणून मी यादी अंगात ठेवली होती. डावी भिंत, उजवी भिंत, बाकाखाली, दारामागे. साहेबांच्या यादीतून वस्तू सुटलेल्या मी पाहिल्यात. माझ्या हातून एक चिमटा कधी मागे राहिला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, झालं तसं सांगतो.

म्हणून मी तिला विचारलं, "लागेल तेव्हा येईल म्हणतेस. रानात नेट नसेल तर कुठून येईल?"

"इसीलिए तो जो खेत में लगता है वो साथ में रखा है. जानवर की नोंद और दवा का हिसाब, दोनों पहले टुकड़े में. बाकी सब बाद में."

दवा का हिसाब म्हणजे डोस. शेळीच्या छातीभोवती टेप लावायची, इंच टाकायचे, फोन वजन काढतो आणि किती मिली औषध पाजायचं ते सांगतो. पूर्वी बायका एक छापील कार्ड बाळगायच्या. तिचं उत्तर बरोबर होतं. मी फोन उघडून मोजलं. चार आले. एकतीसचे चार. मी तीनदा बंद करून उघडलं, तिन्ही वेळा चार. त्याच आठवड्यात तिनं संस्थेच्या दफ्तरात जाऊन प्रमुख दीदींना ते नेट बंद करून दाखवलंही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढचं माझं.

सेक्टरच्या पार्कात एक बाक आहे. त्यावर आम्ही चौघे म्हातारे बसतो, म्हणजे ते तिघे बसतात आणि मी उभा असतो. तिघेही मानक नगरहून निवृत्त झालेले इंजिनियर, दोन मराठी आणि एक कानपूरचे. कधीकाळी माझे साहेबच. निवृत्तीनंतर सगळे सारखे म्हणतात, पण मी अजून त्यांना साहेब म्हणतो आणि त्यातल्या कुणी अजून नको म्हटलेलं नाही. त्या दिवशी मी फोन काढला आणि म्हटलं, बघा, नातीनं केलंय, चार मोजेपर्यंत उघडतं.

सांगलीकडचे साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "चार? आमचा नातू पुण्यात हेच काम करतो. तो म्हणतो तीनच्या वर गेलं की लोक सोडून जातात."

"गावच्या बायका आहेत साहेब, त्यांना चार पुरे."

"तसं नाही हो. तीन म्हणजे तीन. स्टँडर्ड असतं ना." मग कानपूरच्या साहेबांकडे वळून हिंदीत म्हणाले, "इनको आज भी लगता है कि गाड़ी में सब लाद के चलो."

तिघे हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. मी तसाच घरी आलो. त्या संध्याकाळी बाल्कनीत किती फेऱ्या झाल्या सांगता येत नाही.

नातीला म्हटलं, "पहिल्या तुकड्यात जड काय आहे?"

तिनं पडद्यावर दाखवलं. प्रत्येक तुकड्याचा एकेक चौकोन, जड तेवढा मोठा. सगळ्यात मोठा चौकोन डोसचा. त्यात टेप कशी लावायची याची चित्रं, सगळ्या औषधांचे तक्ते.

"हा काढ."

"आबा, वो खेत में लगेगा."

"रोज लागतो का? जंताचं औषध दोन-तीन महिन्यांनी एकदा पाजतात, तूच म्हणालीस. नोंद रोज लागते. तुझंच तत्त्व आहे, लागेल तेव्हा आण."

"चार में क्या दिक्कत है?"

"चार म्हणजे काम अर्धवट."

तीन दिवस मी तिच्या मागे होतो. चहा पिताना, ती फोनवर बोलत असताना, सूनबाई वाढत असताना. सूनबाई म्हणाली, "बाबा, तिला तिचं काम करू द्या ना." मी ऐकलं नाही. चौथ्या दिवशी नातीनं लॅपटॉप माझ्याकडे न वळवताच सांगितलं, "कर दिया. गिनिए."

तीन.

घरात नेट भरपूर. डोसचं बटण दाबलं की पान लगेच यायचं. दोघांनी दहादा करून पाहिलं. तिच्या मनात काहीतरी राहिलं होतं, तिच्या बोटांवरून दिसत होतं, ती नखं कुरतडत होती. मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बाकाशी जाऊन मी 'तीन' म्हणून आलो आणि लगेच परत फिरलो.

गावात जायच्या दिवशी ती एकटी जाणार होती. मी चपला घालून दारात उभा राहिलो. "आप क्या करेंगे वहाँ?" तिनं विचारलं. मी म्हटलं, मोजणार कोण?

वृंदावन योजना शहराच्या या टोकाला आणि बख्शी का तालाब त्या टोकाला. आधी ऑटो, मग दुसरी ऑटो, मग गावापर्यंत ई-रिक्षा. थंडीचे दिवस, धुकं नुकतं उठलेलं. विमानदलाचं एक विमान शेतांवरून इतकं खालून गेलं की रिक्षावाल्यानं मान आत घेतली. नात पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती.

संस्थेच्या प्रमुख दीदी आधीच आल्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला, काखेत एक जाड वही. पशुसखी हिरव्या साडीतली, गळ्यात मोजायची टेप. आणखी सात-आठ बायका बघायला जमलेल्या. पशुसखीनं तिच्या फोनवर अ‍ॅप उघडलं. मी मोजलं, मोठ्यानं. तीनला उघडलं. एक बाई म्हणाली, "अरे, ये तो खुल गया." दीदींनी मान डोलावली. कानातल्या बिल्ल्याची नोंद झाली, फोटो झाला. मला वाटलं, आत्ता सांगलीकडचे साहेब इथे पाहिजे होते.

मग दीदी म्हणाल्या, "चलो, दवा वाला दिखाओ."

शेळ्या गावाच्या पाठीमागे होत्या, आमराईच्या आत, मातीच्या भिंतीआड. आम्ही सगळे तिकडे गेलो. पशुसखीनं एका तपकिरी शेळीला गुडघ्यांत धरलं, छातीला टेप लावली. सत्तावीस इंच. तिनं डोसचं बटण दाबलं.

पडद्यावर गोल फिरायला लागलं.

मी मोजत होतो, पण मनातल्या मनात. वीस. तीस. गोल फिरतच होतं. नातीनं फोन हातात घेतला, वर धरला, बाजूला धरला. तिचा चेहरा पाहून मला कळलं की तिला कळलंय, आणि मला पण कळलं. आमराईत नेटचा एक दांडा नव्हता.

"घूम रहा है," दीदी म्हणाल्या.

"कार्ड है तुम्हारे पास?" त्यांनी पशुसखीला विचारलं.

"कार्ड तो हम घर छोड़ आए. आप ही बोली थीं कि अब सब फोन में है."

"अंदाज़े से नहीं पिलाएँगे." दीदींनी काखेतली वही काढली. उघडली नाही, नुसती हातात धरली. मग नातीकडे वळल्या. "पिछली बार आपने दिखाया था तब तो ये पन्ना बिना नेट के खुला था. फिर हटाया किसने?"

"मैंने, दीदी," नात म्हणाली.

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. अख्ख्या नोकरीत मी एक चिमटा विसरलो नाही, आणि इथे जे उचलायलाही लागत नाही ते मी मुद्दाम मागे ठेवायला लावलं होतं. कशासाठी, तर बाकावर बसलेल्या तिघांसाठी. मला तिथं उभं राहवेना. चालायला लागावं असं वाटलं, कुठेही.

"इसने नहीं," मी म्हटलं. "मैंने हटवाया. ये मना कर रही थी."

दीदींनी चष्मा लावला. "आप इनके साथ काम करते हैं?"

"दादा हूँ इसका."

"अच्छा. तो दादाजी, अब बकरी से क्या कहें?"

बायका हसल्या. शेळी गुडघ्यांत तशीच. मी पशुसखीला विचारलं, नेट कहाँ आता है. ती म्हणाली, सड़क पर, ट्यूबवेल के पास. मी नातीच्या हातातून फोन घेतला आणि निघालो. मागून ती म्हणाली, "आबा, मैं जाती हूँ," पण मी थांबलो नाही.

मोहरीच्या शेतातून बांधावरची वाट. दवानं पायजमा घोट्यापर्यंत भिजला. गुडघे दुखत होते ते दुखू दिले. फोन मी समोर धरला होता, भरलेला पेला धरावा तसा, आणि त्या फिरणाऱ्या गोलाकडे बघत चालत होतो. चालताना आमचा ट्रायलचा डबा आठवत होता. नातीशी भांडताना मला त्यातलं अर्धंच आठवलं होतं. सगळं भरल्याशिवाय डबा हलत नव्हता हे खरं, पण सगळं लावून होईपर्यंत तो थांबतही नव्हता. टेबल आणि दोन यंत्रं जागेवर बसली की साहेब हिरवा झेंडा दाखवायला सांगायचे. बाकीच्या पेट्या आम्ही चालत्या गाडीत उघडायचो, तारा जोडायचो. फक्त ट्रायल जिथं सुरू होणार त्याच्या आधीच्या शेवटच्या मोठ्या स्टेशनावर मी एकेक जागा हातानं चाचपून पाहायचो आणि दारावर आतून खडूनं फुली मारायचो. ती फुली दिसल्याशिवाय मोठे साहेबसुद्धा पुढे चला म्हणत नव्हते.

ट्यूबवेलपाशी गोल थांबला आणि पान आलं. टेपची चित्रं, तक्ते, सगळं. मी तसाच परत आलो. आमराईत नेट नव्हतं, पण एकदा आलेलं पान गेलं नव्हतं. पशुसखीनं सत्तावीस टाकले, फोननं मिली सांगितले, तिनं सिरिंजनं औषध शेळीच्या तोंडात सोडलं. शेळीनं मान झटकली, औषधाचे दोन थेंब माझ्या सदऱ्यावर आले.

दीदी म्हणाल्या, "हर बार दादाजी दौड़ेंगे, तब चलेगा?" मग नातीला म्हणाल्या, "आठ दिन. फिर देखेंगे. तब तक कॉपी चलेगी." कॉपी म्हणजे काखेतली ती वही.

परत येताना ऑटोत ती बाहेर बघत होती. मला माफी मागता येत नाही. शिकलोच नाही म्हणा. मी तिला डब्याचं सांगितलं, पेट्यांचं, शेवटच्या स्टेशनाचं, खडूच्या फुलीचं. ती ऐकत नाही असं वाटलं. पॉलिटेक्निक चौराहा मागे पडल्यावर तिनं मान वळवली.

"मतलब दरवाज़ा हल्का ही रखो. और खुलते ही पीछे से भरना चालू कर दो, जब तक वो घर के नेट पे हैं."

"आणि फुली?"

"फुली भी." तिनं मोबाइल काढून त्यावर काहीतरी टिपून ठेवलं. थोड्या वेळानं म्हणाली, "आबा, मैंने भी हाँ बोला था. आपने ज़बरदस्ती बटन तो नहीं दबवाया."

"तीन दिवस डोकं खाल्लं तुझं."

"हाँ, वो तो खाया."

मग तिनं पिशवीतून पराठा काढला आणि अर्धा मला दिला.

आठ दिवस ती कामात होती आणि मी मोजत होतो, पण मोठ्यानं नाही. आता अ‍ॅप तीनलाच उघडायचं. उघडलं की वरच्या कोपऱ्यात एक राखाडी फुली दिसायची. पशुसखी नोंदी बघत असताना मागून डोस यायचा, चित्रं यायची, आणि सगळं फोनात उतरलं की फुली हिरवी व्हायची. खाली तिनं लिहिलं होतं, 'सब साथ है'. नियम असा की फुली हिरवी झाल्याशिवाय घरातून निघायचं नाही. फुलीचा आकार तिनं मला विचारून काढला. डावीकडचा हात जरा लांब, मी मारायचो तशी.

दुसऱ्यांदा गावात जायच्या दिवशी तिनं मला चपला घालू दिल्या नाहीत. "आज आप घर पे रहिए, प्लीज़." मी राहिलो. त्या दिवशी अकरा पावलं कमी पडली, जिन्यातून खालीवर केलं. सूनबाईनं दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही गार झाले. दुपारच्या जेवणाच्या वेळेला फोन वाजला.

"आमराई के अंदर?" मी विचारलं. घाईत माझ्या तोंडून हिंदी गेलं.

"अंदर. सहा शेळ्या झाल्या, आबा." आणि तिच्या तोंडून मराठी. "दीदी ने कॉपी बैग में वापस रख दी. निकाली ही नहीं."

मी म्हटलं, जेवून घे, आणि ठेवून दिला. मग मीही बसून जेवलो.

संध्याकाळी पार्कात गेलो. सांगलीकडच्या साहेबांनी विचारलं, "काय, अजून तीनच का?"

त्या दिवशी सकाळी, नात निघायच्या आधी, मी माझ्या फोनवर हिरव्या फुलीपर्यंत मोजलं होतं.

"एकोणीस," मी म्हटलं.

"वाढले की हो." ते बाजूच्या दोघांकडे बघून हसले. कानपूरच्या साहेबांनी विचारलं, क्या हुआ.

समजावून सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. बाकाच्या टोकाला थोडी जागा होती. कानपूरचे साहेब जरा सरकले आणि मी बसलो. फार वेळ नाही.